वासराच्या पिशव्या

संत्रा बर्फीचा डबा घेऊन मधुवंती वाडीला पोचली, तेव्हा शामला वडिलांच्या गोदामाच्या ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती.

"डबा उघडू नको वं," ती म्हणाली. "निकाल चुकला."

दोघी कॉलेजच्या मैत्रिणी. मधुवंतीने साहित्यात एम.ए. केलं. शामला कॅन्सरवर संशोधन करायला प्रयोगशाळेत गेली. तिचे वडील महादेवराव यांचा अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टचा धंदा. पार्सलांतच वाढल्यामुळे असेल, शामला आपलं काम पार्सलच्या भाषेत सांगायची. पेशी आपल्यातून बारीक पिशव्या बाहेर सोडतात. एकीचा निरोप दुसरीकडे त्यांतून जातो. त्या पिशव्यांत जनुक कापणारी कात्री भरायची आणि कॅन्सरच्या पेशीकडे धाडायची. उघडी कात्री वाटेतच संपते. घरची पिशवी शरीर सहसा अडवत नाही.

"गावच्या गाडीले नाक्यावर कोण थांबवते?" महादेवराव म्हणायचे. तेवढं त्यांना पटलं होतं.

मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींत कात्री पोचली. हवं तेच जनुक कापलं गेलं. येत्या सोमवारी हैदराबादच्या परिषदेत शामला ते मांडणार होती. तिची फेलोशिप त्यावरच पुढे चालायची होती.

"चुकला कसा? कात्री पोचली ना?"

"पोचली. पण नेली कोणं?"

शामलाने घाटे बाजूला सारले. पेशी वाढवायच्या तर त्यांना खाऊ घालावं लागतं. त्या खाण्यात वासराच्या रक्तातलं पाणी असतं. सगळ्याच प्रयोगशाळांत असतं. पण त्यातही पिशव्या असतात, वासराच्या. त्या आधी काढून टाकायच्या. शामलाने काढल्या होत्या. सगळ्या गेल्या, असं धरूनही चालली होती. परवा तिने एकही पेशी न टाकता नुसतं खाणं पिशव्या वेगळ्या काढणाऱ्या यंत्रांतून फिरवलं. पिशव्या निघाल्या. पुष्कळ निघाल्या.

"म्हणजे मी वासराच्या पिशव्यांत कात्री भरून राहिली होती. माणसाच्या अंगात ती परकी गाडी."

"सोमवारी कोणाले कळणार हाय?" मधुवंती बोलून गेली. "आधी मांडून घे. मग कर दुरुस्त."

शामलाने एक दाणा तोंडात टाकला.

"सोमवारी नाही कळणार. पुढं कधी धंतोलीच्या दवाखान्यात सलाइन लावून पडलेल्या एखाद्याच्या अंगाले कळेल."

आवाज चढलेला नव्हता. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत हे माणूस आपल्याला आज दिसलं, असं मधुवंतीला वाटलं.

"गाईड सरांना सांगितलं?"

"सांगतलं. अनंत सरांनी आकडे दोनदा तपासले. मग म्हणाले, हेच मांड."

"आणि फेलोशिप?"

"मांडल्यावर समजेल."

आतून महादेवराव आले. लेकीचा चेहरा पाहिला, डबा पाहिला. "काहून बंद ठेवला वं हा? चुकीच्या गाडीत माल चढला तर उतरवून घेते माणूस. उपाशी नाही राहत." डबा उचलून त्यांनी हमालांकडे दिला.

हैदराबादला शामलाने पहिलं चित्र दाखवलं ते त्या नुसत्या खाण्याचं. फेलोशिप वाढली नाही. अनंत सरांनी दुसऱ्या प्रकल्पात तिला कमी पगाराची जागा काढून दिली, आणि ती पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. वासराचं खाणं पेशींना एकदम तोडून चालत नाही. लहान मुलाचं अंगावरचं दूध तोडावं तसं हळूहळू सोडवावं लागतं. काही पेशी रुसल्या. बऱ्याच मेल्या.

उन्हं तापू लागली तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला.

"राहिलेल्या पेशी तगल्या वं. वासराशिवायचं नवं खाणं नुसतंच फिरवून पाहिलं. काही म्हणजे काही निघालं नाही."

"आणि कात्री?"

"कात्री अजून भरलीच नाही. ते लांब हाय."

"मग फोन कशाले केला?"

"बर्फी आण म्हणून," शामला म्हणाली. "मागची हमालांनी खाल्ली."