सुमननं गोळी चुकवली नव्हती

कोमलचा फोन आला तेव्हा मी शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. "मावशी, मम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. सुमनला जाऊन आता सहा आठवडे झाले. दुःख ओसरेल कदाचित... राग मात्र जात नाही.

आमची ओळख एचआयव्हीच्या औषधांच्या रांगेत झाली. हे लिहिताना माझंही गुपित उघडं पडतंय, पडू दे. दोघींना नवऱ्याकडून लागण, दोघीही विधवा. मी अमरावतीची, या गुजराती शहरात शिक्षिका. ती हिंगोलीकडची, इथल्याच कतारगाम वस्तीत घरी बसून साड्यांवर खडे चिकटवणारी. अकरा वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आमच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही सारख्याच. मला एवढ्या वर्षांत सर्दी-पडशापलीकडे काही झालं नाही. सुमनला मात्र क्षय झाला, बरा झाला, पुन्हा उलटला आणि शेवटी मेंदूच्या आवरणात बुरशी शिरली. दर वेळी समुपदेशक बाईंचा एकच प्रश्न असायचा.

"गोळ्या चुकवल्या ना?"

"न्हाई मॅडम, एक बी न्हाई."

त्या मान हलवून फाइलवर 'अनियमित' लिहायच्या. मग नातेवाईकही म्हणू लागले, हिनं हातानं ओढवून घेतलं. शेवटी तर सुमनच मला विचारू लागली, "ताई, कवा इसरून ऱ्हायली असंल का वो माझ्याकडून?" मी तिच्यावरच खेकसले... ते अजून सलतं.

तिला शेवटचं दाखल केलं तेव्हा वॉर्डात नवे डॉक्टर आले होते. त्यांनी जुने रिपोर्ट पसरले. "रक्तातला विषाणू कायम दबलेला आहे. गोळ्या घेतल्याशिवाय हे होत नाही. तरी प्रतिकारशक्ती वाढलीच नाही. माहेरी कुणाला काही आजार?"

"वडील आणि धाकटा भाऊ क्षयानं गेले. एचआयव्ही नव्हता दोघांना," मी सांगितलं.

"हे कुणी लिहूनच घेतलं नाही," ते म्हणाले. "जंतूंशी लढायची ताकद आईबापांकडून प्रत्येकाला वेगळी मिळते. काहींना ठरावीक आजार लवकर धरतात. पण सुमनबेनचं तसंच होतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. एका घरात राहूनही क्षय लागतो, आणि तशी तपासणी इथं होत नाही."

म्हणजे खरं कारण कधीच कळणार नाही. पण तिचा दोष नव्हता, हे तरी कळलं होतं. मी धावत खाटेपाशी गेले, तिला ओरडून सांगितलं. सुमन तेव्हा कुणालाच ओळखत नव्हती.

नंतर तो 'अनियमित' शेरा खोडून घ्यायला गेले. "बेन, फाइल बंद झाली," कारकून म्हणाला.

सकाळी आठला गोळी गिळली की सुमन मला मिस्ड कॉल द्यायची, मी तिला. अकरा वर्षांत आमचा एकही दिवस खाडा झाला नाही. अजूनही पाण्याचा पेला ठेवला की माझा अंगठा तिच्या नावावर जातो. सुमनचा फोन आता कोमलकडे असतो. ती उचलत नाही, बोलत नाही. दोन रिंग होऊ देते आणि आईसारखाच कापते.