सात नंबरच्या होलमधलं तेल

लडाखमधल्या एका पोस्टवर माझं पोस्टिंग होतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड आणि उबेसाठी एक बुखारी, लोखंडी शेगडी. मी क्राफ्ट्समन, म्हणजे गाड्यांचा मेकॅनिक, घर नारायण पेठेत. माझे उस्ताद हवालदार सलीम तांबोळी, मंडईमागचे. गाववाले म्हणून सवलत मिळेल असं वाटलं होतं. कसली सवलत! पहिल्याच दिवशी म्हणाले, "पेठेत तोंड चाललं तरी भागतं. इथे हात चालवा."

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी मधले बोल्ट, मग आळीपाळीने बाहेरचे, तीन फेऱ्यांत. एकाने नंबर पुकारायचा, दुसऱ्याने आवळून तोच नंबर परत म्हणायचा. मला तो पोरखेळ वाटायचा.

त्या दिवशी सकाळी एका शिपायाच्या छातीत पाणी भरलं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. उरली एकच ॲम्ब्युलन्स, आणि तिचं इंजिन आम्ही आदल्या दिवशीच उघडलेलं. डॉक्टर कॅप्टन साहेब सांगून गेले, "चार बजे तक नीचे पहुँचना चाहिए."

उस्ताद स्टोअरमध्ये गेले होते. वेळ वाचवावा म्हणून मी एकट्यानेच अठरा बोल्ट आवळले. ठरलेला जोर लागला की टॉर्क रेंच टक् वाजतो; प्रत्येक बोल्टला तो टक् म्हणाला. वेळ १०५० अवर्स. मी खूश.

उस्ताद आले. "बोल्टची होलं सुकवलीस?"

"पुसली, उस्ताद."

"पुसलीस की सुकवलीस?"

मी हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"खोल सगळं."

"अहो उस्ताद, रेंच टक् म्हणाला की!"

"त्याला टक् म्हणायला काय जातंय? खोल."

कॅप्टन साहेब परत येऊन तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा लाल. "कितना टाइम?"

"एक घंटा, सर."

"बंदा मर जाएगा, तांबोळी!"

"सर, गाड़ी रास्ते में बैठी तो पक्का मरेगा."

मला इतका राग आला होता की स्पॅनर फेकून द्यावासा वाटला. हेड उचललं. उस्तादांनी सात नंबरच्या होलमध्ये तार घातली. बाहेर आली ती अर्धं बोट तेलाने भिजलेली. होलाच्या तळाशी तेल साचलं की बोल्ट त्या तेलावरच अडतो. रेंच टक् म्हणतो, पण हेड दाबलंच जात नाही. घाटात इंजिन तापलं असतं आणि हेडखालचं गॅस्केट फुटलं असतं.

उस्ताद ओरडले नाहीत. हवेचा पाइप माझ्या हातात दिला. अठराही होलं मी सुकवली. शेवटचं उरलेलं नवं गॅस्केट घातलं. ते नंबर पुकारत होते, मी परत म्हणत होतो. १२०५ अवर्सला गाडी निघाली.

१५४० ला रेडिओ वाजला. "पेशंट हँडेड ओव्हर. गाडी ओके. ओव्हर."

"पेशंट कैसा है, ते विचार," उस्ताद म्हणाले. "गाडीचं मला माहितीये."

पेशंट ओके होता. उस्ताद बाहेर जाऊन एकटेच चहा प्यायले. त्या पोराचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात अडकलेला ट्रक ओढायला गेले असताना त्यांच्यावर बर्फाचा कडा कोसळला. तिसऱ्या दिवशी त्यांचा देह सापडला. त्यांना पुण्यापर्यंत मीच घेऊन आलो. त्यांची मुलगी नाझनीन तेव्हा पाच वर्षांची होती.

आता माझं शनिवार पेठेत छोटं गॅरेज आहे. गेल्या आठवड्यात नाझनीन आली. आयटीत आहे. वडिलांची जुनी जीप टो करून आणली होती. म्हणाली, "काका, ही विकायची नाहीये. चालवायचीये."

इंजिन उघडलं. हेड बसवायच्या वेळी ती वाकून बघत होती. "काका, होलं सुकवलीत की नुसती पुसलीत?"

मी चमकलो. "तुला कोणी सांगितलं हे?"

"अब्बू आम्हाला ताटं पुसतानाही हेच विचारायचे."

मग मी तिला नंबर पुकारायला बसवलं. मी आवळत होतो, परत म्हणत होतो. आज माझं पोट ज्या हातांवर चालतं, ते त्या माणसाने घडवलेले आहेत. तिच्यासमोर मी हे बोललो नाही, इथे लिहितो.

काल नाझनीन सिंहगडाच्या घाटातून जीप वर नेऊन खाली घेऊन आली. उस्ताद, पोरगी ओके. गाडीचं तुम्हाला माहितीच आहे.