मधल्या फळीतले सर

चहाचा कप पुढे केला, की सर आधी डाव्या खांद्यावरून मागे बघत, मग उजव्या खांद्यावरून, आणि मगच कप हातात घेत. स्टाफरूममध्ये त्यांच्या मागे असायचं काय, तर नकाशांचं कपाट आणि एक बंद पडलेला पंखा. मला वाटलं, या माणसाला कुणाची तरी भीती आहे. शेवटी एकदा विचारलंच. तर हसून म्हणाले, "सवय ती, बाई. बॉल येवच्या आदी बघूक व्हया. इल्यावर बघून काय उपयोग?"

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, की काम सुटतं पण अंगातून जात नाही. सर चौदा-पंधरा वर्षं गोव्यात आणि कलकत्त्यात व्यावसायिक फुटबॉल खेळले, तेही मधल्या फळीत. म्हणजे मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. उजव्या गुडघ्यावर दोन ऑपरेशनं झाल्यावर ते धामापूरला घरी परतले आणि कट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेत मुलींना फुटबॉल शिकवू लागले. सर जाऊन आता दोन वर्षं होतील. पण खरं सांगू? त्यांची आठवण आली की मला रडू येत नाही, जोरात ओरडावंसं वाटतं.

गावाला त्यांचं कौतुक बेताचंच. आमच्याकडे क्रिकेट म्हणजे जीव की प्राण, आणि फुटबॉलवाला म्हटलं की एकच प्रश्न, "गोल किती मारलंस रे?"

"मोजूक नाय," सर म्हणत. "पण मारणाऱ्यांका बॉल मी दिलंय."

पुरावा म्हणून त्यांच्याकडे वर्तमानपत्राचं एकच कात्रण होतं. त्यात गोल मारणारा हवेत उडालेला, आणि फोटोच्या कडेला कुणाचा तरी कोपरापर्यंतचा हात. सर त्यावर बोट ठेवून अभिमानाने सांगत, "तो हात माझो."

मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक शिक्षिका हवी, असा नियम आहे. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी विज्ञान शिकवते, उन्हाचं आणि माझं वाकडं. तरी रोज संध्याकाळी छत्री घेऊन सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या त्या लाल मैदानात जाऊन बसायला लागले.

आणि बघते तर काय, सर मुलीच्या पाठीमागे उभे राहून हाताची बोटं वर करायचे. समोरून चेंडू यायचा. तो पायाशी पोचायच्या आत तिने मागे बघून बोटं सांगायची. "किती?" "दोन!" "किती?" "चार!" चुकली की मैदानाला एक फेरी. आमची प्रणाली पहिल्याच आठवड्यात "तीन" म्हणून थांबली नाही. म्हणाली, "तीन, आणि बाई छत्रीखाली पेंगतत." सर इतके हसले, की शिट्टी तोंडातून खाली पडली.

हीच प्रणाली दहावीत असताना दूरच्या एका निवासी अकादमीत निवडली गेली. राहणं, खेळणं, शिक्षण सगळं तिथेच. फक्त पालकांच्या संमतीची सही हवी होती, आणि तिथेच घोडं अडलं. तिचे वडील दाजी यांचं कट्ट्याच्या बाजारात पंप-पाइपांचं दुकान, पण तालुक्यात नाव झालं ते क्रिकेटचे समालोचक म्हणून. स्पर्धा कुठलीही असो, माइकवर दाजीच हवेत. लेकीची एकही मॅच त्यांनी पाहिली नव्हती. आम्ही दुकानात गेलो, तर पाइप मोजता मोजताच म्हणाले, "चेडवाक फुटबॉल कित्याक व्हयो, सर? दहावी झाली की बास." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी, लेक.

मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. सर मात्र वाद घालायच्या भानगडीत पडले नाहीत. नुसते म्हणाले, "रविवारी कुडाळात जिल्ह्याची फायनल आसा, दाजी. माइक धरूक माणूस गावना नाय. तुझो आवाज व्हयो."

"माका फुटबॉलातला काय एक कळना नाय."

"कळाक कशाक व्हया? दिसता ता सांग."

माइक म्हटल्यावर दाजी नाही म्हणणार? आयोजकांचा ठरलेला माणूस खरं तर होता. त्याला सरांनीच फोन करून घरी बसवलं होतं, हे मला रविवारी मंडपात कळलं. संमतीचा कागद जायचा होता सोमवारी.

काय सांगू ती मॅच! दाजींनी सुरुवातच केली, "मंडळी, खेळपट्टी टणक आसा." चेंडू रेषेबाहेर गेला, तर "सीमारेषेपार, चार धावा!" लोक खो खो हसले. "चुकलंय, मंडळी. हयसर धावा नसतत." गोलकीपरने चेंडू अडवला, तर "यष्टिरक्षकाचा झेल, आउट!" आपल्या लेकीला मात्र ते तासभर "आठ नंबर" असंच म्हणत होते. कोरडं, परक्यासारखं. माझं रक्त उकळत होतं.

शेवटची पाच मिनिटं, गोल कुणाचाच नाही. चेंडू उजवीकडून प्रणालीकडे निघाला. तिची मान एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे. दोघी जणी तिच्या अंगावर धावून आल्या. तिने चेंडू अडवलाच नाही, त्याच्याबरोबर गर्रकन वळली आणि त्या दोघींच्या मधून डाव्या पायाने असा सोडला, की पार पलीकडे एकटी पळणाऱ्या मुलीच्या पुढ्यात! त्या मुलीकडे मैदानात कुणाचं लक्षच नव्हतं. तिने मारला, आणि गोल! माझी छत्री उडून कुणाच्या तरी डोक्यावर पडली. सगळे गोल मारणाऱ्या मुलीकडे धावले.

माइक गप्प होता. दाजी माइकवर गप्प बसलेले तालुक्यात कुणी ऐकले नव्हते. मग एकदम आवाज फुटला. "गोल केल्यान तेका टाळयो वाजवा, मंडळी! पण बॉल दिल्यान कोणी, ता बघितलात? आठ नंबरान! बॉल येवच्या आदी मागे बघल्यान, दोन वेळा बघल्यान, मी बघलंय! ता माझा चेडू आसा, मंडळी! माझा चेडू!"

"सर, गोल!" मी ओरडले. सरांची मैदानाकडे पाठ होती, तोंड मंडपाकडे.

"म्हायत आसा, बाई. मी दाजीक बघतंय."

बक्षिसं वाटून झाली. दाजी मंचावरून उतरून थेट आमच्याकडे आले. डोळे लाल, शर्ट घामाने भिजलेला. "खंय आसा तो कागद?" पंधरा दिवस तो माझ्या पर्समध्येच होता. पेन होतं, पण टेबलावर ढाली आणि हार-तुरे मांडलेले. सर वळले आणि त्या दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून वाकले.

"हयसर ठेव."

"सर, तुमच्या पाठीर?" दाजी घुटमळले.

"मग आणि खंय? दाबून कर. माका कळाक व्हयी."

दाजींनी पेन इतकं दाबलं, की आडनावाच्या शेवटी कागदाला भोक पडलं. सर "स्स" करून कळवळले, पण हलले नाहीत. भोकासकट तो कागद सोमवारी गेला, आणि चालला.