चौथी पीन

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही — ती गेली, न ऐकताच गेली. मुलाजवळ नाही. मरोळच्या आमच्या गावठाणातल्या चर्चमध्ये मी इतकी वर्षं फादरपुढे गुडघे टेकतोय. शिव्या दिल्या, खोटं बोललो, उपासातल्या शुक्रवारी मटण खाल्लं, असलं सगळं न चुकता सांगतो. हे नाही सांगितलं. फादरला सांगितलं की तो माफ करून मोकळा होणार, आणि मला ते नको होतं. तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी पास्कू. वय सत्त्याहत्तर. तरुणपणी हवाई दलात होतो. असं म्हटलं की लोकांना लगेच गॉगल आणि मफलर आठवतो — तसलं काही नाही. मी विमान उडवणाऱ्यांतला नव्हे, विमानाच्या पंखाखाली उकिडवा बसून बॉम्ब लावणाऱ्यांतला. ज्याच्याबद्दल सांगायचंय तो उडवणारा. देवस्थळी साहेब. एकाहत्तरच्या लढाईत फ्लाइट लेफ्टनंट, नंतर स्क्वाड्रन लीडर, मग विंग कमांडर, मग एका तळाचा प्रमुख, आणि शेवटी एअर मार्शल — एका अख्ख्या कमांडचा धनी. त्याच्या प्रत्येक बढतीची बातमी मी पेपरातून कापून ठेवलेली आहे. अभिमानाने? छे. खपली धरली की काढायची, एवढ्यासाठी.

मी त्याला ‘तो’ म्हणतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तोंडावर जन्मभर ‘सर’ म्हणालो. इथे तरी नको.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विमान जमिनीवर असताना बॉम्ब चुकून सुटू नये म्हणून तो जिथे टांगतात तिथे एक लोखंडी पीन खोचलेली असते. तिला लाल फीत असते, लांबून दिसावी म्हणून. उड्डाणाआधी, धावपट्टीच्या टोकाशी, इंजिन चालू असताना त्या पिना काढायच्या. दोघांनी — एक जण डाव्या पंखाखाली, एक उजव्या. मग एकाने सगळ्या पिना हातात घेऊन कॉकपिटसमोर उभं राहायचं आणि हात उंच करून त्या दाखवायच्या. पायलटने मोजायच्या. मोजून झाल्या की अंगठा वर करायचा. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळा व्यवहार हातांचा आणि डोळ्यांचा. आमच्या विमानाला चार पिना होत्या, प्रत्येक पंखाला दोन — एक बॉम्बची, एक जादा तेलाच्या टाकीची. बॉम्बची पीन राहिली तर वर जाऊन कितीही बटणं दाबा, तो सुटत नाही.

माझ्याबरोबर सुदाम असायचा. घाटकोपरचा, टेकडीवरच्या वस्तीतला. त्याचे आईवडील मराठवाड्यातून आलेले. त्या दोन खोल्यांच्या घरात बुद्धमूर्तीशेजारी सुदामचा युनिफॉर्ममधला फोटो होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तो फोटो दाखवला जायचा, मग पाणी. वस्तीतला हवाई दलात गेलेला तो पहिलाच. मला तो पास्क्या म्हणायचा. आमच्या घरी कुटून बाटल्यांत भरतात त्या बाटली मसाल्याचा डबा सुट्टीवरून आणला की तो निम्मा त्याचाच असायचा.

लढाईतली ती सकाळ. थंडी इतकी की पाना हाताला चिकटत होता. तीन दिवस कोणी धड झोपलं नव्हतं. साहेब घाईत होता — पुढची दोन विमानं निघून गेली होती. आम्ही पिना काढल्या, सुदाम त्या घेऊन समोर गेला आणि हात वर केला. आणि हात वर केल्यावर त्यालाच दिसलं की तीनच आहेत. मी पंखापासून दहा पावलांवर होतो. मी त्याचा चेहरा पाहिला. त्याने दुसरा हात जोरजोरात हलवला — थांबा, थांबा. साहेबाची नजर तोवर धावपट्टीवर गेली होती. सुदामकडे पुरतं न बघताच त्याने अंगठा वर केला, आणि विमान निघालं.

एक पीन राहिली होती. ती कशी राहिली, ते सांगतो. थोडं थांबा.

साहेब परत आला तो डाव्या पंखाखाली बॉम्ब लटकवूनच. तसं उतरणं म्हणजे मरणाशी गाठ. पण उतरवलं त्याने — आणि खोटं का बोलू, सुंदर उतरवलं. त्यासाठीच त्याला पदक मिळालं. ऐकलंत? जी पीन त्याने मोजली नाही, तिच्यापायी पदक! मग चौकशी बसली. साहेब म्हणाला, मला चार दाखवल्या, मी मोजल्या. म्हणजे सुदामने कुठलीतरी फालतू पीन मिसळून चार केल्या, असा अर्थ झाला. सुदाम म्हणाला, तीन दाखवल्या, आणि हात हलवून थांबवत होतो. एकाविरुद्ध एक. तिसरा माणूस होतो मी.

आत बोलावण्याआधी सुदाम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “पास्क्या, तू बघितलंस ना रे? तेवढंच सांग. बाकीचं मी बघतो.”

मी आत गेलो आणि सांगितलं, मी पाठमोरा होतो.

सुदामचा हुद्दा गेला. कोठडी झाली. लढाई संपल्यावर त्याला घरी पाठवलं. वस्तीत बातमी पोचायला वेळ लागत नाही — लढाईच्या ऐन वेळी ह्याने काहीतरी घात केला, असं लोक म्हणू लागले. त्याच्या आईने तो फोटो भिंतीवरून उतरवून ट्रंकेत ठेवला. सुदामने एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली, पुढे दारू धरली, आणि पन्नाशीही न गाठता गेला. मी मयताला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

तेव्हापासून मी देवस्थळीवर दात धरून होतो. मनापासून. त्याचा फोटो पेपरात आला की दिवसभर मला जेवण जायचं नाही. सांताक्रूझला विमानं उतरताना आमच्या कौलांवरून जातात. प्रत्येकाच्या आवाजात मी त्याला शिव्या घातल्यात. खोटारडा. सुदामचा खुनी. हा देवस्थळी कधीतरी माझ्या हातात सापडावा, एवढीच इच्छा होती.

आणि सापडला की!

दोन वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या ग्रुपवर निरोप आला. जुन्या स्क्वाड्रनमधलं मुंबईत कोणी आहे का? खाली मुलुंडचा पत्ता. साहेबाची मुलगी, मीनल. वडिलांची स्मृती गेलीय, ते सारखे विमानात बसलेले असतात आणि ‘पिना दाखव’ म्हणतात. जुनं माणूस दिसलं तर बरं वाटेल, असं तिने लिहिलं होतं. मी गेलो. मेट्रोने घाटकोपर आणि तिथून पुढे, हा सोपा रस्ता होता. मी पवईवरून बस बदलत गेलो. घाटकोपरला उतरायचं नव्हतं मला.

एवढा मोठा माणूस — आरामखुर्चीत मूठभर झालेला. मोजे उलटे घातलेले. कपाटात एक डबा होता. निवृत्तीच्या वेळी स्क्वाड्रनने भेट दिलेल्या चार खऱ्या पिना, लाल फितींसकट. मीनल म्हणाली, “अंकल, बाबा तुमच्याकडे बघा कसे बघतायत. तुम्ही दाखवा ना त्यांना. आमच्याकडून त्यांना पटत नाही.” आणि ती चहा टाकायला आत गेली.

मी डबा उघडला. एक पीन पँटच्या खिशात टाकली. तीन हातात घेतल्या, त्याच्यासमोर ताठ उभा राहिलो आणि हात वर केला.

त्याने मोजल्या. ह्या वेळी मोजल्या! बोटाने एकेक. मग पुन्हा एकदा. त्याचा चेहरा पांढरा पडला. “चौथी?” म्हणाला. मी म्हणालो, “तीनच आहेत, सर. दाखवा अंगठा. निघा.” तो खुर्चीचे हात घट्ट धरून थरथरायला लागला. मला काय वाटलं, विचारता? आनंद झाला. इतक्या वर्षांत झाला नव्हता इतका. बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

मग दर मंगळवारी जायला लागलो. जवळजवळ दीड वर्ष. सणवार असो, पाय दुखत असो, मंगळवार चुकवला नाही. दर वेळी तीन; चौथी पहिल्या दिवसापासून माझ्याच खिशात. कधी तो गुडघ्यांवर बसून पलंगाखाली चौथी शोधायचा. कधी रडायचा. एकदा जेवणाचं ताट उलथून टाकलं त्याने. मीनल बिचारी सांगायची, मंगळवारी बाबा फारच बेचैन असतात, डॉक्टरांनाही काही कळत नाही. नशीब तुम्ही तरी येता. मी मान हलवून म्हणायचो, वय झालं, मुली. आणि तिच्या हातचा चहा प्यायचो. दोन-दोन कप.

हा झाला एक गुन्हा. तुम्हाला वाटलं असेल हाच सांगायला बसलो. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं.

शेवटच्या मंगळवारी त्याने पिना मोजल्या आणि थरथरला नाही. शांत बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, “सुदाम ना तू?” मी हात तसाच वर ठेवला. तो म्हणाला, “मी मोजल्या नव्हत्या, सुदाम. तू हात हलवलास तो दिसला होता मला. पण पुढचे दोघे निघून गेले होते. मागे राहायची लाज वाटली.”

ह्याच शब्दांसाठी मी जन्मभर थांबलो होतो. त्याच्या तोंडून. आणि ते आले तेव्हा ऐकायला कोण होतं? मी.

मग त्याने विचारलं, “डावी बाजू कोणाची होती रे?”

अगदी साधेपणाने विचारलं. आरोप नव्हता. चौकशीत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ज्याने पिना दाखवल्या त्याची जबाबदारी, अशी आमच्याकडची रीत. कोणी कुठला पंख घेतला हे कागदावर कुठेच नसायचं. ते माहीत होतं दोघांना. सुदामला आणि —

डावी बाजू माझी होती. टाकीची पीन मी काढली. बॉम्बची काढायला बोट घातलं, ती थंडीने घट्ट बसली होती, म्हटलं आधी ही सुदामला देऊन येतो, आणि विसरलो. दोनऐवजी एकच पीन मी सुदामच्या हातात दिली. ‘बाकीचं मी बघतो’ म्हणजे हे. डाव्या बाजूबद्दल तो एक शब्द बोलणार नव्हता, आणि बोललाही नाही — चौकशीत नाही, कोठडीत नाही, दारू पिऊनही नाही. त्याने माझ्याकडून फक्त एक वाक्य मागितलं होतं. मी पाहत होतो, हे. पण पाहत होतो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तू कुठे उभा होतास. म्हणून पाठमोरा झालो.

साहेबाने एक खोटं सांगितलं, मी एक. त्याने स्वतःचं कबूल तरी केलं. मी काय उत्तर दिलं त्याला? “माहीत नाही, सर.”

त्याने मान डोलावली, डोळे मिटले. चौथी पीन माझ्या खिशात होती. काढून दाखवता आली असती. त्या म्हाताऱ्याला एकदाच चार मोजता आल्या असत्या. नाही काढली. का नाही काढली? अजूनही राग होता म्हणून. त्याच्यावर — आणि कोणावर, ते तुम्ही समजला असालच.

पुढच्या मंगळवारच्या आधीच तो गेला. मुलुंडला बिगूल वाजवणारे आले, तिरंगा आला, सगळं रीतसर झालं. तिरंगा पांघरण्याआधी मीनलने डबा आणला आणि पिना त्याच्या छातीवर मांडल्या. तिने मोजल्या नाहीत. मी मोजल्या. तीन होत्या. मी पहिल्या रांगेत उभा होतो, उजवा हात पँटच्या खिशात, मुठीत लाल फीत. दोन पावलं पुढे गेलो असतो तर झालं असतं. बिगूल वाजला तेव्हा सगळ्यांनी सलाम केला. मला करता आला नाही. हात बाहेर काढला असता तर ती दिसली असती.