बाजूला ठेवलेला हंडा

मे १९८९. जवळ नऊशे रुपये; सेलूच्या भांड्यांच्या दुकानात आई, लग्न ठरलेली अक्का आणि मी. काल मुलीच्या लग्नासाठी मोबाइलवर भांडी निवडताना ते आठवलं. भांड्यापुढच्या चौकटीतली खूण काढली की खालची बेरीज गुपचूप उतरायची.

तेव्हा दुकानदार काका प्रत्येक भांडं तोलून बेरीज मोठ्यानं सांगत. आकडा साडेनऊशेवर जाताच अक्कानं तांब्याचा हंडा बाजूला ठेवला. खणकन वाजला.

"कामून काढलास गं?"

"लय जड हाय, काका."

आईनं प्रवासात पाण्यासाठी आणलेला फिरकीचा पितळी तांब्या उघडला, सगळं पाणी आम्हाला पाजलं, रिकामा तांब्या तराजूत ठेवला. "हा मोडीत धरा. हंडा लेकीचा."

मला तेव्हा फक्त पाणी गार लागलं होतं.

काकांना दिले नऊशे रुपये आणि आमचा तांब्या.