घरघंटीचा प्लग

ते बटण मीच दाबलं होतं, हे आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही. गाडीच्या पडद्यावर निरोप आला, नवं अपडेट आलंय, घ्यायचं का? मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. घेतलं. मोबाईलवर घेतोच की आपण येता-जाता. दुसऱ्या दिवशी गाडी पूर्ण चार्ज झाली आणि पाहते तर काय, जिथे अडीचशे किलोमीटरचा आकडा दिसायचा तिथे एकशे ऐंशी! आमचे हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. म्हणाले, "वाचल्याशिवाय सही करू नये." अहो, सही कुठली? एक बटण दाबलं!

सर्व्हिस सेंटरच्या माणसाशी मी फोनवर चांगलीच भांडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बॅटरी तेवढीच आहे. आधीचा आकडा जरा जास्त दाखवत होता, आता खरा दाखवतो." मी म्हटलं, मग मला तो खोटाच परत द्या, त्याच्यावर माझं नीट चाललं होतं.

नीट चाललं होतं म्हणजे माझं माहेर चाललं होतं. आम्ही शहाद्याला, माझी माय खांडबाऱ्याला, भावाकडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तशीच गाडीत बसायची. प्रकाशा गावाचा पूल, नंदुरबार, खांडबारा. मायजवळ तासभर बसायचं, तिच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं आणि दिवे लागायच्या आत परत. जाऊन-येऊन दीडशेच्या वर होतं, पण अडीचशेत ते आरामात बसायचं. माय दर वेळी विचारायची, "आज ऱ्हाशी ना?" आणि मी दर वेळी चप्पल घालता घालता म्हणायची, "नही माय, जानं पडी." तपासायच्या वह्या, यांचं जेवण, सोमवारची तयारी. कारणांना काय तोटा?

अपडेटनंतरच्या पहिल्याच शनिवारी परतताना प्रकाशाच्या पुलावर आकडा लाल झाला. एसी बंद केला, गाणी बंद केली, घामाघूम होऊन, देवाचं नाव घेत घरी पोचले. हे म्हणाले, यापुढे तिकडे गाडी चार्ज केल्याशिवाय निघायचं नाही. नंदुरबारला एक चार्जर होता म्हणा, पण तो चालू असला की त्याच्यासमोर कोणाची तरी गाडी आडवी, आणि गाडी नसली की तो बंद. तेव्हा ठरलं, मायकडेच लावायची. घरच्या प्लगवर रात्रभर लागते. म्हणजे मुक्काम आला.

भावाला मी सांगितलं, "गाडीची रेंज कमी व्हई गई." तो म्हणाला, "मंग गच्चीवर जाय ना. तठे येस रेंज." मोबाईलची रेंज आणि गाडीची रेंज यांतला फरक त्याला समजावेपर्यंत वहिनीची भाकरी करपली.

मोठा प्लग घरात एकच होता, घरघंटीचा. तो मायच्या खोलीत, तिच्या खाटेच्या डोक्याशी. घरघंटी ओढून बाजूला केली, गाडी बोळात खिडकीला खेटून उभी केली, वायर खिडकीतून आत घेतली. माय खाटेवर बसून सगळं बघत होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती फारशी उठत नसे. पंखा, दिवा, जे काय लावायचं-विझवायचं ते काठीच्या टोकाने, पडल्या पडल्या. नेम असा की कधी चुकायचा नाही.

"काय करी ऱ्हायनी?" तिने विचारलं.

"गाडीले जेवाडी ऱ्हायनू, माय. पोट भरनं का मी जासू."

"हां," ती म्हणाली. "जेवू दे तिले."

सकाळी उठून पाहते, तर गाडी भरलेली नव्हती, आकडा जेमतेम वर सरकलेला. आमच्याकडे तशाच प्लगवर रात्रीत होते आणि इथे काय झालं? रात्री वीज गेली असेल, भाऊ म्हणाला. जातेच तिकडे. मायने विचारलं, "जेवनी का तुन्ही गाडी?" मी म्हटलं, नाही ना. "मंग उपाशी कसी काढशी तिले? ऱ्हाय दुपारलोंग." दुपारपर्यंत राहिले. दुपारची संध्याकाळ झाली.

मग हे दर वेळचंच झालं. शनिवारी वायर लावायची, रविवारी सकाळी गाडी अर्धपोटी. मी चिडायची, वायर हलवून बघायची, गाडीभोवती फेऱ्या मारायची. मोबाईलवर चार्जिंग दिसतं म्हणे, पण त्या खोलीत मोबाईलची रेंज नाही आणि गच्चीवर कोण जाऊन बसणार? सर्व्हिसवाल्याला पुन्हा फोन. तो म्हणाला, जुनी वायरिंग असेल, दाब कमी असेल, थोडी वीज वायर तापण्यातही जाते, त्याला चार्जिंग लॉस म्हणतात. मी म्हटलं, थोडी? अहो, निम्मी रात्र जातेय! तो म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये बघू. माझं डोकंच फिरलं. दोनदा तर सोमवारची रजा टाकावी लागली. हेडबाईंना काय सांगू, गाडी जेवली नाही म्हणून?

पण एक सांगते. त्या रविवारांसारखे रविवार मला लग्नानंतर मिळाले नव्हते. बाहेर जाणं अडलेलं, मग करणार काय? मायच्या पायांना तेल लावलं. तिची नखं काढली. तुरीच्या शेंगा सोलत बसलो. ती सोलायची कमी आणि माझ्या तोंडात दाणे कोंबायची जास्त. मी पन्नाशी उलटलेली बाई, घरात नातू येऊ घातलेला, आणि ती मला विचारायची, "वेनी घालू का तुन्ही?" केस उरलेत कुठे, मी म्हणायची. तरी घालायची. बोटं थरथरत, वेणी सैल, पण सोमवारी शाळेत जाईपर्यंत मी ती सोडायची नाही. आणि तरीही मधेच उठून गाडीचा आकडा बघून यायची. तो रांगत असायचा. माय म्हणायची, "इतली काय घाई शे तुले?"

थंडीत ती गेली. दोन दिवस ताप, चिंचपाड्याच्या दवाखान्यातून घरी आणली आणि मंगळवारी पहाटे झोपेतच. त्या दिवशी आम्ही दोघं निघालो तेव्हा गाडीचा आकडा कोणी पाहिला नाही.

तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी घरच्या सवयीने वायर खिडकीतून आत दिली आणि मी लावली. खोली झाडून घेतलेली, खाट उभी करून ठेवलेली. मी तिथेच खाली सतरंजी टाकून पडले.

सकाळी कार्य उरकलं, पाहुणे पांगायला लागले. निघायचं म्हणून मी बोळात जाऊन गाडीत डोकावले. पूर्ण भरलेली होती. त्या घरात ती पूर्ण भरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तीच वायर, तोच प्लग, तीच जुनी वायरिंग. नवं अपडेटही कुठलं आलेलं नव्हतं. हे आनंदले असते, पण प्रसंग तसा नव्हता.

आत आले तर वहिनी ओल्या फडक्याने भिंतीवरचा बोर्ड पुसत होती. बटणांभोवती काळे डाग होते, काठीच्या रबराचे. पंख्याच्या बटणाभोवती होते, दिव्याच्या होते, ते मला ठाऊकच होतं. पण सगळ्यात दाट डाग होते खालच्या मोठ्या बटणाभोवती. घरघंटीच्या.

"हाई काय, वहिनी?"

"काठीना डाग शेतस, ताई. मी पुसू, पुन्हा व्हयेत." फडकं पिळत ती सांगत राहिली. एरवी मायची काठी दाराशी टेकवलेली असायची, पण शनिवारी मी आले की काठी जवळ घेतल्याशिवाय ती झोपत नसे. "ताईले सांगू नको," म्हणायची. वहिनीला वाटलं, रात्री उठायला लागलं तर ताईची झोप मोडू नये म्हणून.

मी खाली बसले. सर्व्हिसवाल्याला बोललेलं, वायरला, वीजमंडळाला, त्या अपडेटला, सगळं आठवलं. मी झोपले की ती काठी उचलायची. टक्. आणि मला जाग यायच्या आत पुन्हा टक्. त्या चोरीचा मला एवढा राग आला की सांगता येत नाही. अगं, सांगायचंस ना! राहिले असते. पण नाही, ती सांगतच तर होती. दर शनिवारी विचारत होती, आणि मी चप्पल घालत होते. मग मला जे रडू फुटलं ते तेरा दिवसांत आलं नव्हतं.

वहिनीच्या हातातलं फडकं मी काढून घेतलं. खालचे डाग तिला पुसू दिले नाहीत.

बोळातून ह्यांचा आवाज आला, "झाली का गाडी? निघायचं ना?"

काठी कोपऱ्यात होती. ती उचलली आणि खालच्या बटणावर टेकवली. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा बसला.

"नाही," मी खिडकीतून म्हटलं, "अजून नाही भरली."

त्यांनी गाडीच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. आकडा त्यांना दिसला असणारच. मग त्यांनी खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले, "मग उद्या निघू."