अंबडच्या पुढे, धुक्यात: जीपची अर्थिंग तुटली तेव्हा

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्याच्या आधी एकदा शहागडला गोदावरीवर नेऊन आण."

"दिसेल का पण?"

"न्हाई दिसलं तर तू सांगशील की."

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बस डेपोत तीस-बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. आता हात थरथरतात. म्हणून आमच्या एकोणीस वर्षांच्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपचं काम निघालं की ते बोलतात आणि मी पाना धरते.

डिसेंबरात पहाटे पाचला जाफराबाद सोडलं. जालन्यापर्यंत रस्ता बरा आहे, फक्त गावागावांतले स्पीडब्रेकर अंधारात अचानक समोर येतात. जालन्यात गरम पोहे आणि दोन-दोन चहा झाले. पुन्हा निघताना स्टार्टर जड फिरला.

"बॅटरी दमून राह्यली," अण्णा म्हणाले. "बघून घे."

"थंडीमुळं असेल," असं म्हणत मी गाडी काढली. चूक तिथंच झाली.

अंबड मागे पडलं आणि दोन्हीकडे ऊस सुरू झाला. त्यातून धुकं असं आलं, की बोनेटच्या पुढचं काही दिसेना. मी हेडलाइट लावले. त्याबरोबर इंजिनच्या तापमानाचा काटा सरळ लाल पट्टीवर गेला. लाइट बंद केले, तर काटा खाली. पुन्हा लावले, पुन्हा वर. थांबून बोनेटवर हात ठेवला. फारसं गरम नव्हतं. पण आत बसल्यावर पायाशी जळका वास आला. अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला चटका देईल इतकी तापली होती.

"भूत शिरलं का काय हिच्यात?" मी हसण्याचा प्रयत्न केला. अण्णा हसले नाहीत.

पुढे किलोमीटरभरात दिवे पिवळे पडले, मग तांबूस झाले आणि इंजिन एकदम गप्प झालं. गाडी रस्त्याच्या मधोमध. किल्ली फिरवली, तर नुसती टिक्. त्यानंतर जी शांतता आली, तशी मी कधी ऐकली नव्हती. पाखरू नाही, पंप नाही. उसाच्या पानांवरून दव टपकत होतं, तेवढंच.

"धुक्यात आता आपण दोघं बराबर," अण्णा म्हणाले आणि स्टिअरिंगवर सरकले.

मी मागून ढकलायला लागले. सरळ पुढं न्यायची, असा माझा विचार होता. पण चाक एकाएकी डावीकडं वळलं आणि जीप रस्त्याकडेच्या कच्च्यात उतरली. मी तोल जाऊन तिच्या मागोमाग गेले. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आमच्या अगदी जवळून गेला. एकही दिवा नाही. उसाची वाढी, म्हणजे शेंड्यांची हिरवी पानं, जीपच्या टपावर घासत गेली. चालवणारा मला दिसलाच नाही. मागची ट्रॉली धुक्यात शिरली आणि आवाजही तिच्याबरोबर विरला.

मी तिथंच मातीत बसले. अण्णांनी मला पाच मिनिटं बसू दिलं, मग म्हणाले, "व्होल्टचा मीटर काढ."

बॅटरी बारा पूर्णांक दोन व्होल्ट दाखवत होती. म्हणजे दमलेली, पण मेलेली नव्हे.

"आता एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. मी किल्ली फिरवतो. आकडा सांग."

"नऊ."

"तिथं शून्याच्या आसपास पाह्यजे. मंग अर्थिंगच न्हाई."

इंजिनखाली हात घातला. अर्थिंगची, म्हणजे इंजिनला गाडीच्या बॉडीशी जोडणारी, विणलेली पट्टी हिरव्या भुकटीसकट हातात आली. अल्टरनेटर बिचारा वीज करत होता, पण तिला परत जायला वाट नव्हती. ती अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होती, तापमानाच्या काट्याला फसवत होती. जंपर केबलची काळी तार मायनसवरून इंजिनला लावली. जीप कण्हत सुरू झाली. मीटर चौदाच्या वर गेला, काटा जागेवर आला.

शहागडला पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. सलीमभाई नावाच्या इलेक्ट्रिशियनने नवी पट्टी बसवली आणि जुनी उलटसुलट करून पाहिली. "चाचा, बिलकुल बराबर पकडलं तुम्ही. लोक याच्यात अल्टरनेटर बदलून बसतात." अण्णा लाजले.

नदीवर ते बराच वेळ उभे होते. मी सांगत होते: पाणी संथ आहे, पलीकडं म्हशी उतरल्यात, पुलावरून ट्रक चाललेत. ते मान हलवत होते.

उसाच्या दिवसांत त्या रस्त्याला ऊन चढल्यावरच लागा. जुनी गाडी असेल तर मीटर आणि जंपर केबल जवळ असू द्या. स्टार्टर जड वाटला तर चहा बाजूला ठेवा, आधी अर्थिंग तपासा.

परत येताना उजेडातच घर गाठलं. चपला काढताना मी विचारलं, "अण्णा, ट्रॅक्टर तुम्हाला इतक्या लवकर कसा ऐकू आला?"

"मला कुठं ऐकू आल्ता?"

"मग चाक का वळवलं?"

"तूच वरडली की मागून. 'अण्णा, डावीकडं घ्या, जल्दी!'"

मी चपला कोपऱ्यात सरकवल्या. ढकलताना माझे दात घट्ट मिटलेले होते. तोंडातून शब्द काढायलाही दम नव्हता. अण्णा आत हातपाय धुवायला गेले. त्यांना मी अजून हे सांगितलेलं नाही.